फणसाला धाक

"चेनसॉ पहिल्याच हिसक्याला सुरू झाली पाहिजे," चौथ्या दुकानातही अप्पांनी तेच बजावलं.

"केवढं खोड तोडायचंय?" दुकानदारानं विचारलं.

"तोडायचं नाहीये," द्वारकाबाई वैतागून म्हणाल्या. "परसातला फणस धरत नाही, त्याला धाक दाखवायचाय. सासरे कोयता उगारायचे, सासूबाई ‘नका तोडू’ म्हणून विनवायच्या आणि त्या वर्षी झाड लगडायचं. ह्यांना त्यासाठी चेनसॉ हवी."

"कोयत्याला तो आता भीत नाही," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परसात चेनसॉ पहिल्याच हिसक्याला गरजली. द्वारकाबाईंनी हात जोडले. "नका हो तोडू, यंदा नक्की धरेल." त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. त्या ओरडल्या, तरी खोडावर नजर ठेवून, विनवणीची वाट पाहत अप्पा पुढं सरकतच राहिले. पातं सालीला टेकणार, एवढ्यात द्वारकाबाई खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

अप्पांनी दचकून चेनसॉ बंद केली. "अगं, विनवायचं होतंस ना?"

"घसा बसला विनवून. तुम्हाला ऐकू आलं नाही, ते त्याला काय येणार?" मागच्या खोडावरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "कोयता आणा. पहिल्यापासून करू."