शेवटची खेळाडू

आज संध्याकाळी मी बनवलेल्या गेमचा सर्व्हर कायमचा बंद होणार होता. बंदुकीचा खेळ, पण त्यातल्या चुकांमुळे माणसं भिंतीतून आरपार जायची. लोकांनी पिसं काढली. आई शेजारी येऊन बसली. "मला एकदा खेळू दे की. चार वर्षं नुसतं तुझं बंद दार बघितलंय." कंट्रोलर दिला, पण तिला गोळी झाडायचं बटणच सापडेना. पडद्यावर समोरून शत्रूचा सैनिक आला, तशी ती घाबरली आणि तिचा खेळाडू नुसता उभा राहिला. त्यानं बंदूक खाली ठेवली, जवळ येऊन पाण्याची बाटली पुढे केली. "अगंबाई, हा तर पाणी देतोय!" एवढ्यासाठीच तर मी हा गेम बनवला होता. गोळी न झाडता तिथे आजवर एकही खेळाडू थांबला नव्हता. "घे ना आई," म्हणेपर्यंत पडदा काळा झाला. "गेला कुठे रे तो? त्याचं पाणी घ्यायचं राहिलं ना."