समुद्रातला धुरा

खुशबू चिखल तुडवत धावतच धानाच्या बांधीत आली. रोवणीच्या दिवसांत कुणी असं धावत नाही, पण तिला धीरच धरवेना. अरबी समुद्राचा तळ मोजायला निघालेल्या जहाजावर तिची निवड झाली होती. फोनवर आलेलं पत्र तिने बापाला, परसरामला, वाचून दाखवलं. मग पुन्हा वाचलं, मुद्दाम मोठ्याने.

कारण धुऱ्यापलीकडच्या बांधीत मोठेबाबा होते. तुलाराम, परसरामचा थोरला भाऊ. वाटणी झाली आणि मधल्या धुऱ्यावरून, त्या मातीच्या बांधावरून, दोघांचं बोलणं बंद पडलं. दोघांनी आपापल्या बाजूने कोरून कोरून तो इतका बारीक केला, की एका जागी पार पाण्याखाली गेला. लहानपणी मोठेबाबांच्याच सायकलवर बसून ती शाळेत जायची. आता दोघांनी मिळून आपल्याला गाडीत बसवून द्यावं, एवढंच तिला हवं होतं.

"समुद्रात काय मोजतेत वं?" तुलारामने तिलाच विचारलं.

"धुरा, मोठेबाबा."

"तिथं बी भावाभावात वाटनी झाली का?"

झाली, म्हणत ती हसली. चिखलाचा लांबट गोळा करून तिने एक टोक बापाच्या हाती दिलं, दुसरं मोठेबाबांच्या. ओढा, म्हणाली. एकमेकांकडे न बघता दोघं ओढू लागले. तिच्या तोंडाला खळ नव्हता. जमीन अशीच ताणली जाते, मधे पातळ होते, भेगांतून लाव्हा वर येतो, मग ती तुटते आणि समुद्र आत शिरतो. भारत इकडे सरकला, सेशेल्सची बेटं तिकडे राहिली.

चिखल तुटला. मधला लगदा बुडालेल्या धुऱ्यावर पडला.

"हा तुकडा कोनासंगच गेला नाही," खुशबू म्हणाली. "पानी चढलं, तरी मधातच राह्यला. समुद्रातल्या अशाच धुऱ्याले पाहाले चालली मी."

"कोनाच्या हिश्श्यातला?" परसरामने सवयीने विचारलं.

"दोघायच्या."

तुलारामने आपल्या बांधीतला फावडंभर चिखल उचलला आणि त्या लगद्यावर टाकला.

"परसराम," तो म्हणाला, "तुयाकडचा बी टाक. पोरीले गाडीवर बसवाले याच्यावरूनच जा लागते."