दसऱ्याचा हार

“हार आता कुणी आणायचा नाही,” हितेशशेठ कमळाबाईवर खेकसला. “एकदा घातला तेवढा पुरे झाला.”

कमळाबाई झेंडूचा हार आणि हळदीच्या पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. धसईजवळच्या या उकड्या तांदळाच्या गिरणीत नवं काही बसलं की त्याची पूजा व्हायचीच. आज बॉयलरला दोन नव्या सळ्या बसत होत्या. आतलं पाणी सळीच्या टोकाखाली गेलं की घंटा वाजते, एवढंच त्यांचं काम. जुन्या सळ्या दसऱ्याला जळाल्या होत्या.

साईनाथ वायरमन बॉयलरवर वाकून वायरी जोडत होता. त्याने मान वर केली नाही. खाली भुशाच्या ढिगाजवळ देवजी खराटा घेऊन उभा होता. बावीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस, आणि दसऱ्यापासून हातात खराटा! उद्या कल्याणहून नवा बॉयलरवाला येणार होता.

दसऱ्याचा हार देवजीनेच घातला होता. तो ओला हार सळ्यांच्या वरच्या उघड्या टोकांवर पडला आणि पाण्यातून जायचा तो करंट हारातूनच जाऊ लागला. आतलं पाणी संपलं तरी घंटेचं पॅनल पाणी आहे असंच धरून चाललं, आणि घंटा वाजली नाही. देवजीची नजर पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर गेली म्हणून बरं. तापलेल्या बॉयलरात घाईने गार पाणी सोडून तो फोडण्याचा वेडेपणा त्याने केला नाही. आधी पेटता भुसा बाहेर ओढला. दोन्ही हात भाजले, पण पलीकडे भात वाळवणाऱ्या अकरा बाया वाचल्या.

त्या दिवशी साईनाथ मुरबाडहून धावत आला होता. शेठने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “वायरीवर ओला हार होता. त्यानं झालं.”

ते खरंच होतं. फक्त अर्धं होतं.

उरलेलं अर्धं त्याच्या पिशवीत होतं. सळ्यांच्या वरच्या टोकांना ओल लागू नये म्हणून बसवायची दोन काळी रबरी टोपणं. गणपतीच्या आधी जुन्या सळ्यांचं काम केलं तेव्हा मुरबाडची गाडी चुकेल म्हणून त्याने ती बसवलीच नव्हती. पुढच्या खेपेला बसवू म्हणाला आणि विसरला. दसऱ्यापासून पक्कड काढायला पिशवीत हात घातला की बोटांना आधी तीच लागत. त्याला स्वतःची लाज वाटे. हळूहळू त्या लाजेचीही सवय होत चालली होती, आणि त्याची तर जास्तच लाज वाटे.

शेवटचा स्क्रू पिळून त्याने ती टोपणं गुपचूप बसवून टाकली. आता कुणाला काही कळणार नव्हतं.

“पाणी उतरवून दाखव,” शेठ म्हणाला.

बॉयलर थंडच होता. साईनाथने पाणी सोडून दिलं. काचेच्या नळीतली पातळी खाली खाली गेली आणि घंटा खणखणली.

“बघ देवजी,” शेठ म्हणाला, “हार नसला की कशी वाजते!”

“खरं हाय, शेठ.” देवजी जमिनीकडे बघत म्हणाला. “माज्या हातानं बायांचा जीव जात होता. मला झोप लागत नाय.”

घंटा वाजतच होती.

“मावशी, तो हार द्या इकडं,” तो कमळाबाईला म्हणाला. “पाण्यात चांगला बुडवून द्या.”

“अरे, येडा झालास काय?” शेठ ओरडला.

साईनाथने निथळता हार टोपणांवर ठेवला. घंटा वाजत राहिली. सगळे बघत राहिले. मग त्याने हार उचलला, दोन्ही टोपणं काढली आणि हार पुन्हा तिथेच ठेवला.

घंटा बंद पडली.

साईनाथ खाली उतरला. देवजीसमोर त्याने हात पुढे केला. तळव्यावर दोन काळी टोपणं होती.

“देवजीकाका, ही माझ्या पिशवीत होती. दसऱ्याला पण.”