रिकामंच आहे

"रिकामंच आहे हो," म्हणत नेमबाजीच्या हॉलमधलं एक गिऱ्हाईक पिस्तूल हातात घेऊन मागे वळलं आणि गोळी सुटली.

नेमबाजी शिकवणाऱ्या मास्तरांनी झेप घेऊन त्याचं मनगट धरलं, नळी जमिनीकडे दाबली आणि पिस्तूल काढून घेतलं. मॅगझिन टेबलावर पडलं होतं. ते काढलं की काम झालं, असं त्या माणसाला वाटलं होतं. नळीत चढलेली एक गोळी आतच राहिली होती.

सगळे आपापलं अंग चाचपत होते. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. "वाचलो बुवा," कुणीतरी म्हणालं. मास्तरांची नजर मात्र मागच्या प्लायवूडच्या पार्टिशनवर खिळली. तिथे भोक पडलं होतं. पलीकडे बसायची खोली होती.

ते धावत पलीकडे गेले. भिंतीलगतच्या बाकाच्या पाठीत, अगदी कोपऱ्यात, गोळी घुसली होती. बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. बाकावर कुणी नव्हतं.

त्या कोपऱ्यात दर रविवारी एक म्हातारे काका येऊन बसायचे. पिस्तुलाला कधी हात लावायचे नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला "आज कितीदा लागला नेम?" विचारायचे. बायको गेल्याचं, समोरच्या लाँड्रीवरच्या खोलीत राहत असल्याचं सांगायला घ्यायचे, तोवर ऐकणारा दारापर्यंत पोचलेला असायचा. गेल्या रविवारी मास्तर वैतागले. त्यांचं बोलणं नेहमीच सडेतोड, कुणाला काय वाटेल याची पर्वा नाही. "काका, ही काय बाग आहे? नेम धरायचा नसेल तर येत जाऊ नका." काका "बरं" म्हणाले आणि स्वेटरची बटणं लावत निघून गेले. आज पुन्हा रविवार होता आणि ते आले नव्हते.

मास्तरांनी पोलिसांना कळवलं. ते येऊन गेल्यावर शटर ओढलं, रस्ता ओलांडला आणि ते काकांच्या खोलीचा जिना चढले.

दार उघडायला वेळ लागला. आत रेडिओ चालू होता. त्याच्यासमोर एकच खुर्ची.

मास्तरांनी उंबऱ्यातच एका दमात सगळं सांगितलं. पिस्तूल, पार्टिशन, बाक. "मी हाकललं म्हणून तुम्ही वाचलात, काका. पण हाकलायला नको होतं. चुकलंच माझं."

काकांनी गोळीबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी चौकटीला हात टेकला.

"मास्तर, मी आज आलो नाही हे तुमच्या लक्षात कधी आलं? गोळी सुटल्यावरच ना?"

खरं उत्तर जिभेवर आलं होतं. मास्तरांनी ते गिळलं.

"छे हो, सकाळीच," ते म्हणाले. "शटर उघडलं तेव्हाच."