भाकरीचा आवाज

कट्ट! दुपारच्या शांततेत भाकरी मोडली आणि मी श्वास रोखून मोबाईलकडे बघितलं.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी मी आणि सासूबाई कडक भाकऱ्या करतो, पण इन्स्टावरून अजून एकही ऑर्डर आली नव्हती. "वहिनी, भाकरी मोडल्याचा आवाज ऐकवा, मग बघा रील कशी पळती," असं नणंदेनं सांगितलं. म्हणून लेकीला, आरोहीला झोपवून मी शूटिंगला बसले. पहिल्या भाकरीला शेजारचा कुकर शिट्टी मारून गेला. दुसरीला भंगारवाला ओरडला. पंधराव्या भाकरीला सासूबाई आतून म्हणाल्या, "काय गं, कुणावरचा राग काढतीस भाकरीवर?" शेवटी एकदाचा असा खणखणीत आवाज आला, की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. टाकली रील!

अर्ध्या तासात टेंभुर्णीच्या एका ताईंचा मेसेज आला. "आवाज लई भारी हाय! वीस भाकऱ्या द्या की. आमचे हे सोलापुरातच आलेत, पाच वाजता न्यायला येतील. अख्ख्या द्या बरं का, पाहुण्यांना द्यायच्या हायत."

आनंदानं नाचत मी डबा उघडला. आत एकच अख्खी भाकरी उरली होती. बाकीच्या सगळ्या माझ्याभोवती तुकडे होऊन पडल्या होत्या आणि नवीन केल्या तरी वाळून कडक व्हायला दोन दिवस लागणार होते.

तेवढ्यात आरोही डोळे चोळत आली. खाली बसून तिनं दोन तुकडे एकमेकांना लावून बघितले आणि गंभीरपणे विचारलं,


"मम्मी, भाकरी कशानं चिकटवायची गं?"