पहिलं पान

"सर, नफा सहा लाख बारा हजार दिसतोय. मग दादा रोज म्हणतात धंद्यात पैसा नाही. ते खोटं, का हे खोटं?"

सत्यशीलाने मोबाईल राधाकृष्ण सरांपुढं धरला. सर तिच्या कॉलेजात कॉमर्स शिकवायचे. आता निवृत्त होऊन तिसगावात, पिठाच्या गिरणीला लागून राहत होते. ती बी.ए. झालेली, आकड्यांशी तिचा संबंध किराण्याच्या यादीपुरता. गिरणीत दळण टाकलं होतं, म्हणजे हातात जेमतेम अर्धा तास.

सरांच्या हातून पितळी तांब्या सुटला, फरशीवर दणदणत गेला. सत्यशीलाच्या मांडीवर बसलेल्या तिच्या लेकीने, दिशाने, मान वळवली नाही. पावणेचार वर्षांची झाली होती.

नगरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. कानाचं ऑपरेशन जितकं उशिरा, तितकी बोलायची आशा कमी. पंधरा तारखेपर्यंत तीन लाख भरा, नाहीतर नंबर पुढं जाईल. आज तीन तारीख.

"पहिलं पान कुठंय?" सरांनी चष्मा सारखा केला.

"त्यावर नुसतं नावगाव होतं. दादा अंघोळीला गेले, तेवढ्यात घाईघाईने कपाटातली फाइल काढली. आकड्यांच्या पानांचेच फोटो घेतले."

सरांनी मान हलवली. "बरं. हे नफा-तोटा पत्रक. म्हशीनं वर्षभरात किती दूध दिलं आणि किती पेंड खाल्ली, एवढंच ते सांगतं. दूध पुढं कुणी प्यालं, ते यात नसतं. ताळेबंद काढ."

तिने बोटाने फोटो सरकवला.

"एकतीस मार्चला गोठ्यात काय उभं होतं आणि ते कुणाच्या पैशावर, ते इथं कळतं. हे भांडवल. त्यात नफा मिळवलाय, आणि ही बघ, उचल वजा केलीय. पाच लाख चाळीस हजार."

"उचल म्हणजे?"

"मालकानं स्वतःसाठी काढलेले पैसे. तो धंद्याचा खर्च नव्हे, म्हणून मघाच्या पानावर दिसला नाही."

महिन्याला पंचेचाळीस हजार. सत्यशीलाला दादांची नवी गाडी आठवली, नगरचा प्लॉट आठवला. दादा म्हणजे तिचे मोठे दीर, भागवत. पशुखाद्याचा कारखाना तेच बघत. तिचा नवरा अंगद त्याच कारखान्याचा टेम्पो चालवायचा, आणि डिझेललासुद्धा भावापुढं हात पसरायचा.

"ही उचल थांबवता येते, सर?"

"बँकेला लिहून दिलं तर येते. पण ते मालकानं द्यावं लागतं. तुझं कोण ऐकणार, बाई?"

चार दिवसांनी दुपारी ती भाकरी थापत होती. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला, त्यावर ताळेबंद. पाठीमागे खाकरल्याचा आवाज आला. तिने मोबाईल तसाच परातीत पालथा घातला.

"काय बघत हुतीस?" दारात भागवतदादा.

"भाकरीचा व्हिडिओ, दादा."

"आता भाकरी बी मोबाईल शिकवतो व्हय!"

ओसरीवरून सासूबाई, रंगुबाई, हसल्या. "आमी तवा काय चुलीला इचारीत हुतो का काय!"

दादांनी नेहमीचे दोन-तीन कागद ओट्यावर ठेवले. "सही कर. बायांच्या योजनेचं हाय."

लग्न झाल्यापासून ती अशा सह्या करत आली होती. रेशनच्या, गॅसच्या, कसल्या कसल्या योजनांच्या. घरातल्या बायकांनी कागद वाचत बसायची रीत नव्हती. आणि आज तर तिचं सगळं ध्यान परातीत होतं. पिठातून मोबाईलच्या कडेचा उजेड दिसत होता. तिने कागदाकडे न बघताच सह्या ओढल्या. कोपऱ्यावर पिठाचं बोट उमटलं.

"दादा, दिशाचं..."

"धंद्यात पैसा असता तर मी न्हाई म्हनलो असतो व्हय? माझी पुतनी न्हाई का ती?" कागद खिशात घालून ते गेले.

त्या संध्याकाळी तिने अंगदला फोटो दाखवले. त्याने मोबाईल ढकलून दिला. "बापाच्या जागी हाय तो मला. पुन्हा असलं काही काढू नको."

तेरा तारखेला तिने दिशाला कडेवर घेतलं, अर्ज लिहिला आणि एकटीच बँकेत गेली.

काउंटरवरच्या बाईंनी अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला. "मालकाची उचल थांबवा, असं लिहिलंय. मालक म्हणजे कोण?"

"माझे मोठे दीर. पोरीच्या कानाला पैसा नाही म्हणतात, आणि महिन्याला पंचेचाळीस हजार काढतात. माझ्याकडे ताळेबंद आहे."

"आधार कार्ड आणलंय?"

तिने दिलं. बाईंनी फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि उठून आत गेल्या. शेजारच्या टेबलावर शिक्के धाडधाड पडत होते. दिशा शांतपणे आईच्या ओठांकडे बघत होती.

बाई कर्जाची जाड फाइल घेऊन आल्या. "पैसे थांबतील. पण अर्जावर मालकाचीच सही लागेल."

"ते कशाला देतील, ताई?" सत्यशीलाचा आवाज फाटला. "पाया पडले मी त्यांच्या. दोन दिवस उरलेत. माझं लेकरू मुकं राहील हो!"

बाईंनी फाइलमधून पैसे काढायची एक स्लिप काढून अर्जाशेजारी ठेवली. स्लिपच्या कोपऱ्यात पिठाचं बोट उमटलं होतं. मग त्यांनी ताळेबंदाचं पहिलं पान उघडून तिच्याकडे फिरवलं, कारखान्याच्या नावाखाली मालकाचं नाव लिहिलेल्या बारीक ओळीवर बोट टेकवलं आणि दुसऱ्या हाताने पेन पुढं केलं.

"मग करा ना सही, सत्यशीलाताई."