दिव्याभोवतीचं कडं

सप्तशृंगीच्या तसबिरीपुढे मी दिवा लावते, त्याभोवती हल्ली रंगीत कडं उमटतं. गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या, एकीलाही दिसलं नाही. दिसायला पुण्य लागतं, असं मी त्यांच्या तोंडावर सांगितलं.

माझी नात ओवी अंबडच्या कारखान्यात इंजिनात उडणाऱ्या डिझेलच्या फवाऱ्यावर लेझर सोडून थेंब मोजते. तिला हे सांगितलं, तशी तिने हातातला चहा खाली ठेवला.

"आजी, आमच्याकडेही असं कडं पडतं. थेंबांवर उजेड विखुरतो म्हणून. कड्यावरून थेंब किती बारीक ते कळतं. तुझ्या दिव्यापुढे थेंब कुठेत?"

"देवीला डिझेलच्या मापाने मोजतेस होय गं?"

"रस्त्यावरच्या दिव्यांभोवती दिसतं?"

"दिसतं की. देवी काय माझ्या घरातच बसून राहते?"

ती हसली नाही. दिव्याशेजारी बसून तिने माझ्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. कडं गेलं.

"पळवलंस ना," मी म्हटलं.

मग तिने तो हात काढून माझा उजवा डोळा झाकला. कडं परत आलं. त्याच्या शेजारी बसलेल्या ओवीचं तोंड मात्र काही केल्या दिसेना.